सत्यवानाचा वाटा

गंगाराम एकेकाळी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य होता. मुंबईपर्यंत माल न्यायचा आणि परतताना मिठबावच्या किनाऱ्यावर तोऱ्यात उतरायचा. चोपन्न साली त्याने गलबत सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचा, कंबर धरली. कंबर कसली धरतेय! धरलं होतं त्याला सहा वर्षांच्या सत्यवानाने.

पोर देखणं, पण बोलत नसे, डोळ्याला डोळा देत नसे. तासन् तास हात हलवत बसे आणि कुणाचं लक्ष चुकलं की सरळ समुद्रात चालू लागे. आईला, रुक्मिणीला, तो आवरत नसे. डॉक्टर झाले, देवस्की झाली. रुक्मिणीच्या पाटल्या गेल्या, माडांचा तुकडा गेला. एका पोरामागे एक धडधाकट माणूस घरी बसला, हा खर्च तर कुणी धरतच नव्हतं. पाच वर्षं विकून खाल्लं आणि विकण्यासारखं संपलं.

गावात रापण होती. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढून जाळं बाहेर काढायचं, ओढणाऱ्याला मासळीचा वाटा. म्हाताऱ्यांचा, विधवांचाही वाटा निघे. रापणीचा मुख्य हरिश्चंद्र सत्यवानाचं नाव काढून त्याला म्हणाला, "गंगाराम, तुझ्या झिलाचो पण एक वाटो आमी काढतलंव."

"माझो झील भिकारी आसा काय? माका नको!" गंगाराम सगळ्यांदेखत ओरडला.

मग त्याने काय केलं? सांगायचीही लाज वाटावी असं केलं. रुक्मिणी बागायतीत मजुरीला गेली की सत्यवानाचा पाय घरातल्या खांबाला बांधायचा आणि रापण ओढायला जायचं. ती यायच्या आत परतून दोर सोडायचा, घोट्याला खोबरेल चोळायचं. बायकोला सांगायचं, शेजारची काशीबाई बसते त्याच्यापाशी. काशीबाईला ऐकू कमी येई, तिला कुणी काही विचारायला जात नसे, त्यामुळे खोटं पचलं. घोट्यावरचा वळ दिसला तर म्हणे, खाजवतो तो.

बासष्ट साली एका सकाळी बांगड्यांनी जाळं भरलं. हरिश्चंद्र तापाने पडला होता, म्हणून वाटे घालायला त्याचा भाऊ लवू बसला.

"हो गंगारामाचो. आणि हो सत्यवानाचो, रुक्मिणीवयनी येऊन नेतली."

"कसलो सत्यवानाचो?"

"तीन वर्सां तुमच्या घरात जाता तो," लवू बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सगळे वाळूकडे बघू लागले. गंगारामाच्या कानशिलांत आग पेटली. म्हणजे हरिश्चंद्र तो वाटा गुपचूप काढून ठेवत होता, रुक्मिणी ती मासळी वाटेतच विकत होती आणि मजुरीचे म्हणून पैसे डब्यात टाकत होती. घरातला तांदूळ त्याच पैशांचा. नको म्हणून ज्याच्यावर थुंकला, तेच तीन वर्षं तो जेवत होता. आणि पोराला मात्र बांधून ठेवत होता. तो मासळी तिथेच टाकून घराकडे निघाला.

बागायतीतलं काम त्या दिवशी लवकर सुटलं होतं. रुक्मिणी वाट्याच्या मासळीसाठी पाटी न्यायला घरी आली होती आणि आता खांबापाशी बसली होती. सत्यवानाचा पाय तिने मांडीवर घेतला होता. नवऱ्याच्या अंगाला बांगड्यांचा वास येत होता आणि हात रिकामे होते. वाट्याचं त्याला कळलं, हे ती समजली आणि तिचा चेहरा उतरला. पण गंगाराम तिच्याकडे बघतच नव्हता. तो दोराकडे बघत होता.

"ही गाठ माझ्यान सुटना नाय," ती एवढंच म्हणाली.

तांडेलाची गाठ ती. तो गुडघ्यांवर बसला, पण पोराच्या ओढाओढीने ती इतकी आवळली होती की त्यालाही सुटेना. शेवटी सुरी आणून दोर कापला. सत्यवान आपला हात हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी गंगाराम सत्यवानाचा हात धरून रापणीवर गेला. पोराच्या अंगात आखूड चड्डी, घोट्यावरचा काळा वळ साऱ्या किनाऱ्याला दिसत होता. गंगारामाने तो झाकला नाही.

"माझ्या झिलाचो वाटो दी," तो लवूला म्हणाला. मान काही वर झाली नाही.

लवूने पाटी भरली. घोट्याकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं गंगारामाला वाटलं.