कोळणीच्या हाताचं खाद्य

काळाचौकीच्या आमच्या चाळीमागे माझ्या चार कोंबड्या आहेत. ज्वारी, बाजरी, मका भरडून, त्यात सुकटीची पूड घालून मी त्यांचं खाद्य घरीच करतो. त्या नेमका मका वेचायच्या, बाकीचं उधळायच्या.

दारावर येणाऱ्या ज्या कोळणीशी मी रोज सुकटीवरून घासाघीस करतो, तिने एकदा न विचारताच खाद्याच्या परातीत पाणी ओतून सगळं मळलं. पूड दाण्यांना चिकटली. कोंबड्यांनी परात साफ केली.

मी भडकलो. ती पदराला हात पुसत हसली. "ओ शेठ, सुकं दिलं तर निवडणारच. तुम्ही माझी सुकट निवडता, तशाच!"

आता मीही तसंच मळतो. पण तिची हाक आली, की भरली परात सोडून चौघी फाटकाकडे धावतात. माझ्या हाकेला अजून एकीनेही मान वर केलेली नाही.