आतलं माणूस बाहेर येईपर्यंत

संध्याकाळी वारा तळोज्याकडून वाहू लागला की आमच्या सोसायटीत धडाधड खिडक्या बंद होतात. आंबूस, किंचित कडवट असा तो रसायनांचा वास. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात आणि मी मात्र मुद्दाम बाल्कनीत जाऊन उभा राहतो. "फुफ्फुसांचा वेगळा विमा काढलाय का?" बायको आतून विचारते. तिचंही बरोबर आहे. पण ज्या वासात माझे काळे केस, माझी उमेद आणि सगळ्या रातपाळ्या मुरल्या, त्याला परका कसा म्हणू? त्या वासाबरोबर मला हमखास आठवतं ते एक लाल कुलूप.

आमची कंपनी परदेशी, कापडाचे रंग बनवणारी. तिने पगार दिला, पेन्शन दिली, निवृत्त नवरा-बायकोच्या आजारपणाचा खर्चही दिला. शिवाय एक शिस्त लावली. रंग घुसळायच्या टाकीत दुरुस्तीला उतरणाऱ्या प्रत्येकाने तिच्या स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत साहेबाच्या बापालाही ते यंत्र चालू करता येत नसे. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळाबरोबर ज्याचं कुलूप त्याला भेट मिळे.

मग सातासमुद्रापार कोणीतरी कंपनी विसर्जित करायचं ठरवलं. आपला गणपती निदान पुढच्या वर्षी परत येतो. ही कायमची जाणार होती. आम्हा निवृत्तांना एकरकमी पैसे, पण त्या बदल्यात पेन्शन आणि औषधपाणी कायमचं बंद, असा देकार आला. मात्र आमच्यातला एक जरी नाही म्हणाला तरी पेन्शनचा फंड मोडता येत नव्हता. रक्कम भुरळ पाडणारी होती, नाही कशाला म्हणू? पण आमच्यात करावे गावचा एक फिटर होता, सगळ्यांचा दादा. त्याच्या बायकोचं, आमच्या वहिनींचं, डायलिसिस चालू होतं. ते पैसे त्यांना काही वर्षं पुरले असते. त्यानंतर काय, हे कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

गावच्या समाजमंदिरात आमची सभा भरली. दादा मान खाली घालून उभा राहिला. "माजे बायकोपायी तुमी कोनी थांबू नका. पैसं घ्या नि मोकले व्हा. आमाला देव हाय."

तेवढ्यात आमचा बॉयलरवाला उठून बाहेर गेला. मूळचा मराठवाड्यातला, मुलीचं लग्न ठरलेलं, पैशांची सगळ्यात जास्त निकड त्यालाच. वाटलं, चिडून निघाला. तर हा स्कूटरच्या डिकीचं आपलं जुनं लाल कुलूप काढून घेऊन आला. ते त्याने खिडकीच्या गजाला लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आतलं माणूस बाहेर आल्याबिगर कुलूप काढायचं नसतंय," एवढंच म्हणून तो खाली बसला.

पुढच्या सभेपर्यंत त्या गजांवर बोटभर जागा उरली नाही. आमची मागणी साधी होती. पेन्शनचा आणि आरोग्य विम्याचा पैसा कंपनी असतानाच वेगळ्या ट्रस्टच्या हाती द्या. मग कंपनी बुडो नाहीतर विरघळो, त्याला कोणाचा हात लागता कामा नये. आमची वकीलबाई जिद्दीने भांडली. तारखा पडल्या, चहा ढोसले गेले, एकमेकांवर खेकसणंही झालं, पण एकही कुलूप निघालं नाही. शेवटी परदेशातून मोठा साहेब आला. तो स्वतः कारखान्यात घडलेला माणूस, म्हणून आम्ही त्याला मुद्दाम खिडकीसमोर बसवलं. बराच वेळ बघून त्याने ही कुलपं कसली, असं विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "साहेब, आमचं एक माणूस अजून आत आहे." आमच्या सह्यांसाठी त्याने आणलेले कागद त्या दिवशी बॅगेतून बाहेर काढलेच नाहीत.

आम्ही जिंकलो. ट्रस्ट झाला, तहहयात पेन्शन झाली. पण रीत ती रीत. नेरुळच्या हॉस्पिटलात वहिनींचं ट्रस्टच्या विम्याचं नवं कार्ड चाललं, त्याच संध्याकाळी आम्ही कुलपं काढायला जमलो. शेवटचं दादाचं. हाताला पट्टी बांधलेल्या वहिनींनी स्वतः किल्ली फिरवली, आणि बाहेर गावच्या पोरांनी बँड सुरू केला. मी गुडघ्याची तमा न बाळगता नाचलो. आयुष्यात इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

त्या कारखान्याची पाटी उतरून आता बरेच दिवस झाले. हा वास दुसऱ्याच कोणाचा आहे, हे मलाही कळतं. परवा बाजारात वहिनी दिसल्या, सुनेला कोळंबी निवडून देत होत्या. मी डोळे वटारले, तर म्हणाल्या, "पथ्य हाय भावजी, मी नाय खात. पन निवडाला काय जातं?" आणि कोळणीशी भावावरून तावातावाने भांडू लागल्या. मी पिशवी धरून नुसता ऐकत उभा राहिलो. एवढ्या मोठ्या कंपनीचं आता जगात कुठेही नाव नाही. वहिनी आहेत.