तारेपलीकडचा भात

पुण्याची, इतिहासात एम. ए. केलेली, म्हणजे ही बाई पेशवाईवर पीएच.डी. करणार, असं इंग्लंडात लेस्टरमधल्या यच्चयावत मराठी मंडळींनी धरून चाललेलं होतं. मी विषय घेतला मलायाचा, म्हणजे आजच्या मलेशियाचा. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक डॉक्टर काका मला म्हणाले, "अहो, तुमचा मलायाशी संबंध काय?" म्हटलं, "काका, ब्रिटिशांचा तरी काय होता?" त्यानंतर त्यांनी मला कधी संबंध विचारला नाही. माझं नाव मात्र 'मलायावाल्या वहिनी' पडलं ते पडलंच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, सतत ऑन कॉल. मुलगी नर्सरीत जायला लागली आणि मी घरात बसून भिंतींशी बोलायला लागायच्या आत युनिव्हर्सिटीत पार्ट टाइम नाव घातलं. मलायाच का, तर लायब्ररीत जे पुस्तक उघडावं त्यात एकच पाढा होता: बंडखोरांशी कसं लढावं हे जगानं मलायाकडून शिकावं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जंगलात कम्युनिस्ट गनीम शिरले, बहुतेक चिनी. रबराचे मळे आणि कथलाच्या खाणी ब्रिटिशांच्या. दहा-बारा वर्षं लढाई चालली, तरी तिला युद्ध म्हणायचं नाही, 'इमर्जन्सी' म्हणायचं. मळेवाल्यांचा विमा बुडू नये म्हणून, असं म्हणतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लाखो लोकांना उचलून तारेच्या कुंपणाआड नव्या गावांत बसवलं, दारावर शिपाई ठेवले, आणि वर त्याला लोकांची मनं जिंकणं असं नाव दिलं. आमच्या पिढीनं आमची एक इमर्जन्सी पाहिलेली. त्यामुळे त्या शब्दानं माझं डोकं तापायला वेळ लागत नसे.

माझे गाइड मोठे सज्जन गृहस्थ. सगळे विद्यार्थी त्यांना नावानं हाक मारायचे, माझी जीभ काही वळेना, मी आपली 'सर'च म्हणायची. सर एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेत मलायात होते आणि अशाच एका गावाच्या दारावर उभे राहिले होते. त्यांच्या मते त्या युद्धातली सगळ्यात सुबक युक्ती म्हणजे भात. गनिमांना गावातून अन्न जायचं ते तोडायचं होतं. तर मोहिमेच्या भागात कच्चा तांदूळ घरात ठेवायलाच बंदी. सरकारी देखरेखीखाली मोठ्या चुलींवर भात शिजायचा आणि माणशी मापून मिळायचा. माशाचा डबा विकला तर दुकानदारानं तिथंच त्याला भोक पाडायचं. शिजवलेलं, उघडलेलं अन्न त्या दमट उष्म्यात नासतं, मग साठवणार काय आणि पाठवणार काय! "रक्ताचा थेंब न सांडता," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी घरात भात उरलेला पाहिलाय का?"

कारण मला दिसत होतं ते आमचं गच्चीवरचं वाळवण. उरलेला भात आमच्याकडे नासत नाही. मीठ, जिरं, तिखट घालून मळायचा, कडक उन्हात सांडगे घालायचे, वर्षभर टिकतात. अख्ख्या ब्रिटिश लष्कराला जे सुचलं नाही ते माझ्या आईला सुचलं असतं! त्या गावांतल्या बायांनी भात वाळवून जंगलात पाठवलाच असणार, कुंपण गळकं होतं, आणि लष्करी पुस्तकं नाकानं कांदे सोलताहेत, असा सिद्धांत मी मांडला. प्रकरणाचं प्रकरण त्यावर उभं केलं. त्या प्रकरणावर माझं पुढचं बरंचसं अवलंबून होतं. तीन जणांची समिती बसणार होती. त्यांना पटलं तर पीएच.डी.ला पुढे जाऊ देणार, नाही तर एम.फिल. हातावर ठेवून माझी बोळवण करणार.

लेस्टरमध्ये ऊन कुठलं? मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, एअरिंग कपबोर्डमध्ये, सांडगे वाळत घातले. नवरा बाथरूममधून ओरडला, "अगं, टॉवेलला भात लागलाय!" म्हटलं, "संशोधन चाललंय, झटकून घे." वाळले मात्र खडखडीत. तळून डबा भरून सरांपुढे ठेवला. त्यांनी एक खाल्ला, मग न विचारता दुसरा घेतला, आणि म्हणाले, "फारच छान. पण हा पुरावा नाही." शितावरून भाताची परीक्षा आमच्यात होते, युनिव्हर्सिटीत होत नाही. "कुणी तरी प्रत्यक्ष पाहिलेलं हवं," ते म्हणाले.

नवऱ्याला हे ऐकवलं तर तो शांतपणे म्हणतो, "आमच्या वॉर्डची सिस्टर मलेशियाचीच आहे की. चिनी आहे." वर्षभर हा माणूस तिच्याबरोबर राउंड घेत होता आणि मी लायब्रऱ्या पालथ्या घालत होते. काय बोलणार, कर्म माझं!

सिस्टर एका रविवारी दुपारी चहाला आली. चाळिशीची असेल, काटक, केस बारीक कापलेले. नर्सिंग शिकायला अठराव्या वर्षी इंग्लंडला आली ती इथलीच झाली. लहानपण मात्र तारेच्या कुंपणाआडच्या गावात गेलेलं. मी मोठ्या ऐटीत सांडग्यांची बशी पुढे केली आणि माझा सिद्धांत सांगितला. ती खाता खाता थांबली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"वाळवणार कुठे?" ती म्हणाली. "सगळं उघड्यावर. शिपायाला प्रत्येक अंगण दिसायचं. आणि उरायचा कुणाकडे? पोट भरेल इतका मिळत असता तर ना!"

माझा चेहरा पडला असणार. तिनं माझ्या हातावर थोपटल्यासारखं केलं. "आणि वाळवायची गरजच नव्हती हो. बायका पहाटे रबराचा चीक काढायला मळ्यात जायच्या. आपल्या वाटचा भात चपटा थापायचा, फडक्यात बांधायचा, पोटाशी आवळायचा. दारावर झडती व्हायची, कुणी सापडायची, कुणी सुटायची. मळ्यात ठरलेल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला की दुपारच्या आत जंगलातल्या माणसाच्या पोटात. नासायला वेळ कुठाय?"

म्हणजे कुंपण गळकं होतं! माझी रीत चुकली होती, निष्कर्ष बरोबर होता. मी आनंदानं वही ओढली. "तुमच्या घरून कुणी पाठवायचं?"

"आई. माझा मोठा भाऊ आत होता." ती बशीकडे बघत बोलायला लागली. मी सहा-सात वर्षांच्या मुलीला पाहत होते असं वाटलं, इतका तिचा आवाज लहान झाला. आई स्वतःच्या वाटचा निम्मा भात भावासाठी न्यायची. सिस्टर तिच्याबरोबर मळ्यात जायची, चिकाच्या वाट्या गोळा करायला. विमानं वरून भोंग्यातून सांगत फिरायची, शरण या, मारणार नाही. शेजारच्या दोन मुलांची प्रेतं गावाच्या दारात आणून ठेवली होती, सगळ्यांनी बघावीत म्हणून. त्यानंतर एका पहाटे आईनं भात नेला, पण ठरलेल्या जागी ठेवला नाही. मळ्यात गेल्यावर झाडाखाली बसली आणि सगळा भात स्वतः खाल्ला. रडत होती आणि खात होती. मुलीनं विचारलं तर म्हणाली, "भूक लागली की पोरं घरी येतात."

रोज तेच. रोज झाडाखाली बसून आई सगळा भात संपवायची. आणि भाऊ आला. हाडांचा सापळा होऊन, हात वर करून, त्या दारातून आला. तुरुंगात गेला, सुटला, सायकलींचं दुकान टाकलं, लग्न केलं. सरकारी कागदांत लिहिलं असणार की अन्नबंदीमुळे आणखी एक शरण आला.

मी लिहायची थांबले होते. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला कळलं होतं की माझं प्रकरण आता दगडासारखं पक्कं झालंय. पोरांना बाहेर काढलं ते तारेनं नव्हे, आयांनी! सगळ्या लष्करी पुस्तकांना पुरून उरेल अशी गोष्ट माझ्या बैठकीच्या खोलीत बसून चहा पीत होती.

तेवढ्यात सिस्टरनं कप खाली ठेवला. "हे लिहायचं नाही," ती म्हणाली. "भावाला माहीत नाही. त्याला वाटतं, तारेमुळे भात बंद झाला. आई म्हातारी आहे, त्याच्याच घरी राहते. त्याला कळलं तर ती जगायची नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला कसं सांगून बसले मला कळत नाही."

"नाव घालणार नाही, गाव घालणार नाही," मी म्हटलं.

"त्याची मुलगी लंडनला शिकते. सुटीत माझ्याकडे येते. आजीच्या गावाबद्दल काही छापलेलं दिसलं की शोधून वाचते. आणि रडत रडत भात खाणाऱ्या किती आज्या असतील?"

मी हो म्हटलं. मनातून नाही. ती गेल्यावर भांडी आपटत घासली. नवरा म्हणाला, "तुला एवढा राग कुणाचा आलाय?" सगळ्यांचा आला होता. तिचा, की सांगायचं नव्हतं तर सांगितलंस का. सरांचा, की रक्ताचा थेंब न सांडता म्हणे. त्या म्हातारीचा तर नव्हताच. पुढचे काही आठवडे मी ते प्रकरण दोनदा लिहिलं, एकदा तिच्यासकट आणि एकदा तिच्याशिवाय. तिच्यासकटचं इतकं सरस उतरलं होतं की मला स्वतःचाच हेवा वाटला. मग मी आमच्या मुलीला भरवायला बसले. ती पालकाला तोंड फिरवून बसली होती, आणि मी काकुळतीला येऊन म्हणत होते, एक घास, आईसाठी एक घास. त्या दुपारी मी तिच्यासकटची पानं फाडून कचऱ्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी कौन्सिलच्या कचरागाडीत स्वतः टाकून आले.

समितीत सर होते, विभागातल्या एक बाई होत्या आणि लंडनहून आलेले या युद्धाचे मोठे जाणकार होते. जाणकारांनी माझं प्रकरण बोटांच्या टोकानं उलटवलं. "तुम्ही म्हणता कुंपण गळकं होतं. मग सांगा, भात पोचत होता तर माणसं उपाशी बाहेर का आली?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं उत्तर. सर माझ्याकडे आशेनं बघत होते, त्यांना माहीत होतं की मी सिस्टरला भेटले आहे.

"माझ्याकडे पुरावा नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तारेनंच काम केलं."

"हो," मी म्हटलं. "तसं म्हणता येईल." आयुष्यात इतकं कडू 'हो' मी दुसरं म्हटलेलं नाही. बाकी प्रकरणांवर मी त्यांना इंचभरही जागा दिली नाही, आणि त्यांनी मला पुढे जाऊ दिलं. भाताचं प्रकरण तेवढं वगळा म्हणाले. वगळलं. पीएच.डी. झाली, पुढे कॉलेजात शिकवायलाही लागले. दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी लिहायचा की तारेच्या कुंपणानं युद्ध जिंकलं, आणि मी दात-ओठ खात त्याला मार्क द्यायची.

सिस्टर आणि मी मात्र मैत्रिणी झालो. अहो-जाहो कधी गळून पडलं कळलंही नाही. नव्वदच्या दशकात ती लंडनच्या कडेला हाउन्सलोला राहायला गेली, भाचीला एअरपोर्टजवळ नोकरी लागली म्हणून. एकदा ती आईच्या अंत्यविधीला जाऊन परत आली तेव्हा मी तिला भेटायला गेले. जेट लॅगनं डोळे तांबारलेले, तरी तिनं मला हाताला धरून किचनमध्ये बसवलं.

"आता लिहिलंस तरी चालेल," ती म्हणाली.

"भावाला सांगितलंस?" मी घाबरूनच विचारलं.

"सांगायला गेले. आईला पोचवून आल्यावर म्हटलं, दादा, तुला एक सांगायचंय, तो भात तारेनं अडवला नव्हता. तर म्हणाला, माहीत आहे. म्हटलं, कधीपासून? म्हणाला, पहिल्या दिवसापासून. बाकीच्यांच्या आयांचा भात येतच होता. फक्त माझ्या झाडाखाली काही नसायचं. चार दिवस त्यांनी मला वाटून दिला, मग ते तरी किती देणार?"

चहाचं आधण ठेवत ती पुढे सांगू लागली.

"मी विचारलं, मग तिला कधी बोलला का नाहीस? तर म्हणाला, ती रोज वाढताना म्हणायची, 'त्या मेल्या तारेनं माझ्या पोराला उपाशी मारलं.' मी 'हो गं' म्हणायचो आणि वाडगा पुढे करायचो, आणखी भात घाल म्हणून."