चंदर तांडेलचा म्हातारा सुरा

झाई बंदरातल्या चंदर तांडेलला कोणी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" की तो सुरा कसा आहे ते सांगत बसायचा. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. होडी आता मुलगा हितेश नेत होता. पण होडीवर दोर कापायला चंदरचा 'कमांडो' कंपनीचा सुरा जायचा, आणि सुरा जातोय तोवर आपणही समुद्रावर जातोय, अशी चंदरची समजूत होती. ती मोडायची कोणाची छाती!

चारोटीला हायवेवर घेतलेला सुरा तो. धार लावून लावून पातं निम्मं झालेलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

दिवाळीनंतर हितेशने त्याच कंपनीचं नवं मॉडेल मागवलं. काळं पातं, रबरी मूठ, कट्‌कन बसणारं म्यान.

"काळं कशाला? दृष्ट लागते काय त्याला?" चंदर म्हणाला. "आणि पाठीवर करवतीचे दात? समुद्रात लाकडं कापायला जातोस का रे?"

"पप्पा, जुन्यातल्या चुका यात सुधारल्यात."

"चुका? माझ्या सुऱ्यात?"

झालं! किनाऱ्यावर परीक्षाच लागली. चंदरची बायको हंसा बोंबील टांगायचं सोडून पंच म्हणून बसली. नव्या सुऱ्याने जाड दोर एका झटक्यात तोडला. जुन्याला घाम फुटला, म्हणजे चंदरला फुटला. नारळावर घातला, तर नारळ शाबूत आणि ट्यूब सुटून चंदरच्या हातात!

"नवा जिंकला," हंसाने निकाल दिला. "जुना मला द्या, मासळी साफ करायला होईल."

चंदरला वाटलं, बोंबलांशेजारी आपल्यालाच वाळत घातलं. फार वाईट वाटलं बिचाऱ्याला. संध्याकाळी भाकरी अर्धी टाकून उठला.

सकाळी होडी निघायच्या वेळी हितेश नवा सुरा घरभर शोधतोय. सापडला कुठे, तर देव्हाऱ्यात! महालक्ष्मीपुढे, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल.

"हात लावू नको," हंसा म्हणाली. "नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय नवं लोखंड समुद्रावर न्यायचं नसतं. तोवर जुना ने."

नारळी पुनवेला अख्खा मोसम बाकी होता. हितेश कुरकुरला, पण देवीपुढे कोणाचं चालतंय! जुना सुरा कमरेला खोचून गेला.

होडी दिसेनाशी होईपर्यंत चंदर किनाऱ्यावर उभा होता, गुडघे विसरून. मग हळूच म्हणाला, "अगं, मी तर जुना घेतला त्याच दिवशी समुद्रावर नेला होता. हा नियम कधीपासून?"

हंसा बोंबील टांगत होती. वर न बघता म्हणाली, "काल भाकरी टाकून उठलात ना, तेव्हापासून."