सेल्फवर मायचं नाव

शेलूबाजारच्या त्या मिस्त्रीला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी मोठ्या मनाची निघेन अशी वाट कोणी बघू नये.

माझी गाडी तेरा वर्षांची आहे. अकोल्याच्या एका निवृत्त साहेबांकडून घेतली, तेव्हाच तिचं तरुणपण संपलेलं होतं. मागच्या डाव्या दाराची काच आपोआप खाली सरकते, म्हणून तिथे वहीचा पुठ्ठा खोचून ठेवलाय. वायपर एकच चालतो, पण तो माझ्या बाजूचा आहे, त्यामुळे तक्रार नाही. डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या कायम असतात, एक प्यायची आणि एक रेडिएटरची. माय बरोबर असली की दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून भांडते. एका महिन्यात टायर, दुसऱ्या महिन्यात सायलेन्सर, तिसऱ्या महिन्यात काही नाही झालं तर मलाच चैन पडत नाही. पगार झाला की आधी गाडीचा चेहरा बघायचा, मग किराण्याची यादी करायची.

तरीही ही गाडी मी विकत नाही. माझी माय चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदायला पायी गेली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. राहते शेलूबाजारलाच, शिकवते मंगरूळपीरच्या शाळेत. आमच्या वस्तीत बाईने घेतलेली आणि बाईनेच चालवलेली पहिली गाडी ही. माय पुढच्या सीटवर बसते, पट्टा लावून घेते आणि ओळखीचं कोणी दिसलं की काच खाली करते. पुढची काच नीट वर-खाली होते, हे नशीब.

मिस्त्रीचं दुकान हायवेला लागून आहे. शेजारी चहाची टपरी, टपरीसमोर दोन बाकडी आणि बाकड्यांवर दिवसभर तेच चार-पाच जण. दिवाळीच्या आधी गाडी चालू व्हायला त्रास देऊ लागली. चावी फिरवली की नुसतं 'कट्' वाजायचं. इंजिन फिरायचं नाही. मी गाडी त्याच्याकडे नेली. तो बोनेट उघडायच्या आधी मला म्हणाला, "साहेब कुठी हायेत?"

"नागपूरला. नोकरीला आहेत."

"मंग त्याईले फोन लावा. मी समजावून सांगतो."

"गाडी माझी आहे. मला सांगा."

"सांगतो म्याडम, पण तुमाले समजायचं नाई ते."

मी फोन लावून दिला. तिथेच चुकले, हे मान्य आहे. माझ्या नवऱ्याला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. मिस्त्री त्याला दहा मिनिटं समजावत होता आणि तिकडून तो "हो, हो, करून टाका" म्हणत होता. निष्पन्न एवढंच झालं की सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'स्वतः' असा होतो, हे मी वर्गात शिकवते. मिस्त्रीने नवा ओरिजनल सेल्फ टाकला म्हणून सांगितलं. चंदेरी रंगाचा, चकचकीत. मी आनंदाने पैसे दिले. त्या दिवाळीला मायला लुगडं घेतलं नाही.

एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी माय पांढरं लुगडं नेसून पुढे बसली. मिरवणूक यायची होती म्हणून मी चौकात गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मिरवणूक पुढे गेली, मी चावी फिरवली. कट्. पुन्हा कट्. वस्तीतले लोक, शाळेतल्या दोन मुली, त्यांच्या आया, सगळे बघत होते. ढकलून चालू व्हावी एवढा वेग गर्दीत मिळेना, म्हणून पांढऱ्या कपड्यातल्या सहा माणसांनी गाडी ढकलत हायवेपर्यंत नेली. माय आत ताठ बसून होती, जणू हे असंच ठरलेलं होतं.

मिस्त्री चहाचा कप घेऊन आला. पान्याच्या दांड्याने सेल्फवर दोन टोले मारले आणि गाडी चालू झाली. मग तो बाकड्यांकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या हातात गाडी देल्ली का असंच होते. चाबी फिरवतात अन् धरूनच ठेवतात. नवा सेल्फ जाळून टाकला पाहा!"

बाकडी हसली. माझ्या मायसमोर, पांढऱ्या लुगड्यातल्या माझ्या मायसमोर त्याने मला ते ऐकवलं होतं. तेवढं एक वाक्य मला परत घ्यायला लावायचं होतं. त्याच माणसांसमोर, त्याच जागी. पैसे गेले त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. ते नंतर वाटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "माय, मले तं वाटते त्यानं नवा टाकलाच नाई. पण सिद्ध कसं करू?"

माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नाव टाक त्याच्यावर."

"कशावर?"

"त्या सेल्फावर. भांड्यावर टाकतो तसं."

मायला लिहिता-वाचता येत नाही. पण वस्तीतल्या लग्नांना आमची भांडी जातात, कोपर, गुंड, परात, आणि परत येताना कोणाचं कोणाकडे जातं याचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक भांड्यावर मायचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. एकदा एका लग्नानंतर शेजारणीने आमची म्हणून भलतीच परात आणून दिली. मायने परातीच्या मागून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे माह्यं नाई, बाई. माह्या नावात शेवटी वळण हाये." शेजारीण निमूटपणे दुसरी घेऊन आली. मायला अक्षर ओळखता येत नाही, पण स्वतःचं नाव बोटाला ओळखता येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गाडी वाशीमला नेली. तिथे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका आहेत, बोलणं कमी आणि हात साफ. त्यांनी सेल्फ काढला, उघडला, नखाने रंग खरवडला. खाली गंज. "हा तुमच्या गाडीचाच जुना आहे बाई. आतले कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारे तुकडे, झिजले. तेव्हाही झिजलेच असतील. आतून साफ करून वरून रंग मारला, म्हणून चार महिने चालला. कार्बन बदलून देतो, थोडक्यात काम होईल."

"आता नको. तासाभराने असाच परत बसवून द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. म्हणून ते मला आवडतात.

सेल्फ पिशवीत घालून मी भांड्यांच्या दुकानात गेले. नाव टाकणाऱ्याने मशीन हातात घेतली आणि पिशवीतून निघालेली वस्तू बघून तो थबकला. "हे कोणतं भांडं म्हणावं?"

"आहेराचं आहे."

"मंग 'यांजकडून सप्रेम भेट' टाकू?"

"नुसतं नाव टाका. खोल टाका."

घुर्र करत मायचं पूर्ण नाव त्या लोखंडावर उमटलं, खाली गाव, शेवटी वळण. मी त्यावर बोटभर जुनं ग्रीस चोळलं. काकांनी सेल्फ जागेवर बसवला आणि दोन टोले मारून गाडी चालू करून दिली. तेवढ्यात मी त्यांच्याकडून बॅटरी कशी काढायची तेही शिकून घेतलं. आमच्या गाडीत बॅटरी बाजूला केली की वरून हात थेट सेल्फपर्यंत पोचतो. दहा नंबरचा पाना लागतो. तो मी विकत घेतला.

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी मिस्त्रीच्या दारात उभी केली. चेहरा शक्य तेवढा गरीब केला. "मिस्त्री, तुम्ही म्हणता तेच खरं. माझ्या हाताने जळला बहुतेक. नवा टाकून द्या. ओरिजनल."

तो खूश झाला. "आता कसं बोलल्या! संध्याकाळी घेऊन जा. अन् चाबी हळू फिरवत जा म्याडम, चाबी म्हणजे काई पोळपाट-लाटणं नोहे."

तेही मी हिशेबात धरलं.

संध्याकाळी मी मायला घेऊन गेले. बाकड्यांवर सगळे हजर होते, तेच. मी मुद्दाम टपरीवर चहा सांगितला, म्हणजे कोणी उठून जाऊ नये. मिस्त्रीने गाडी चालू करून दाखवली. एका झटक्यात चालू. मी म्हटलं, "बिल लिहून द्या. साध्या कागदावर चालेल. साहेबांना दाखवायचंय."

साहेबांचं नाव काढताच त्याने मुकाट्याने कागद घेतला आणि लिहिलं, 'नवा सेल्प ओरिजनल टाकला', खाली रक्कम, खाली सही. 'सेल्प' वाचून मला हसू आलं. मायने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "लिहिता येत नाई म्हणून हासू नोको. चोरी केली त्याच्यावर हास." ते मला लागलं. मी हसणं तिथेच थांबवलं, पण बाकी काही थांबवायचा विचार नव्हता.

पैसे मोजून दिले. मग पर्समधून दहा नंबरचा पाना काढला आणि बोनेट उघडलं.

"काय करून राह्यल्या म्याडम?"

"बघते. नवी वस्तू आहे, डोळे भरून बघायला नको का?"

मी बॅटरीचे नट सोडले, बॅटरी बाजूला घेतली. खाली चंदेरी सेल्फ चमकत होता. रंगाचा वास अजून येत होता. मी मायला हाक मारली, "माय, इकडे ये. इथं हात लाव बरं."

मायने पदर खोचला आणि वाकून हात आत घातला. मिस्त्री हसला. "आजी, काय शोधून राह्यल्या? अंडे देल्ले का त्यानं?"

"थांब नं बावा," माय म्हणाली. तिचं बोट रंगावरून हळूहळू सरकत होतं. एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. शेवटच्या वळणावर थांबलं. मायने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, परात ओळखावी तसं म्हणाली, "अवो, हे तं माह्यं नाव हाये."

कोणाला काही कळेना. मी पान्याच्या टोकाने रंग खरवडला. एकेक ठिपका उघडा पडत गेला. बाकड्यावरच्या एका मास्तरांना मी बोलावलं, म्हटलं मोठ्याने वाचा. त्यांनी मायचं नाव वाचलं, गावासकट.

मग बाकड्यावरून कोणीतरी म्हणालं, "काबे मिस्त्री, आजी कवापासून सेल्फ बनवून राह्यली?"

ते जे हसू फुटलं, ते मी आजही कधी कधी आठवून ऐकते. मिस्त्रीच्या तोंडाचा रंग उडाला. सेल्फ काढताना त्याला ते ठिपके दिसले असणारच. त्याला ते झिजल्याच्या खुणा वाटल्या असतील. भांडं उलटं करून कोणाचं ते बघायचं काम त्याच्या घरात त्याने कधी केलेलं नव्हतं. ते बायकांचं काम.

"ताई," तो म्हणाला. म्याडमची मी एका मिनिटात ताई झाले. "ताई, मिटवून टाका. हे पैसे घ्या. दिवाळीचेबी देतो."

मी दोन्ही घेतले. नको म्हणायला मी संत नाही. आणि मग म्हटलं, "आता जयंतीला जे बोललात, ते परत घ्या."

"काय बोललो होतो?"

"तुम्हाला आठवतंय."

तो खाली बघून पुटपुटला. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटतो तेव्हा मी जे करते, तेच केलं. कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

"बाईच्या हातानं काई झालं नोतं."

"बाकड्यांकडे तोंड करून."

"बाईच्या हातानं काई झालं नोतं! मीच जुना रंगवून टाकला!"

"कितीदा?"

"दोनदा."

मायने माझा पदर ओढला. "पुरे आता. घरी चाल." मला पुरे झालं नव्हतं. पण बॅटरी मीच बसवली, नट मीच आवळले आणि त्याच्याकडे न बघता चावी फिरवली.

नंतर वाशीमच्या काकांनी कार्बन बदलून दिले. नवा सेल्फ घेतलाच नाही. तोच आहे, मायच्या नावाचा, आणि ठणठणीत आहे. आता क्लच प्लेटची कुरकुर सुरू झाली आहे. दोन वर्षांनी पंधरा वर्षांचं पासिंग येईल, ते वेगळंच. गाडी मला काही सुखाने जगू देणार नाही.

पण रोज सकाळी शाळेत जाताना मी मिस्त्रीच्या दुकानासमोर थांबते. तो समोर असला की गाडी बंद करते. पाच आकडे मोजते. मग चावी फिरवते आणि गाडी एका झटक्यात चालू होते. काका म्हणाले होते, असं उगाच बंद-चालू करत राहिलात तर सेल्फ झिजेल. झिजू दे. कार्बन स्वस्त आहेत.

परवा माय बरोबर होती. दुकान जवळ आलं तशी म्हणाली, "आज राहू दे बाई. शाळेले उशीर होऊन राह्यला."

मिस्त्री बाहेरच उभा होता. मी गाडी बाजूला घेतली.

"एकदाच," मी म्हटलं आणि चावी बंद केली.