नेगीकाकांचा फुलैच

ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या आमच्या औषधांच्या दुकानात नेगीकाका पहिल्यांदा आले ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला, डोक्यावर हिरव्या मखमली पट्टीची टोपी. मी म्हटलं, हिमाचलचे वाटतं. तर म्हणाले, हिमाचलातल्या किन्नौरचे. बरं बाबा, किन्नौरचे! तिथून आमचं जमलं.

भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा ते सुतारकामाला आले होते. खिडकीची चौकट बसली की तिच्यावरून तळहात फिरवायचे, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. दर शनिवारी दुकानात डोकवायचे. गोळ्या महिन्याच्या असायच्या, पण गप्पा दर आठवड्याला लागायच्या.

२०१४च्या जूनमध्ये गावी त्यांची बायको गेली. काका पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात माझी आई गेली होती, आणि मी तर गेलेसुद्धा नव्हते. रजा नाही, मुलीची परीक्षा, एक ना दोन. स्काइपवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभी राहिले. त्याबद्दल कुणी विचारलं की माझं डोकंच फिरायचं.

सप्टेंबरात काका आले ते वेगळंच काम घेऊन. त्यांच्या गावात भाद्रपदात फुलैच असतो. सगळा गाव उंच डोंगरावर फुलं आणायला जातो. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, ते घर त्याच्या नावाने खाऊ घेऊन चढतं, वर त्याला हाक मारतं आणि दुसऱ्यांना खाऊ घालतं. पहिलं वर्ष चुकवायचं नसतं. पण इथे खायला दुसरं माणूस कुठून आणायचं? एवढंच विचारायला आले होते. मला मिळणारा एकुलता एक रविवार! चिडचिड झाली, पण नाही म्हणवेना.

शहराजवळच्या पोर्ट हिल्सच्या टेकड्या चढताना माझे गुडघे बोलायला लागले. काका मात्र फुलं शोधत पुढे. माथ्यावर बोचरा वारा, लांबच्या डोंगरांवर बर्फ. काका मटकन बसले. इथला भाद्रपद हिवाळ्याच्या शेपटीला येतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "फुलाशिवाय तिला काय देऊ?" म्हणाले.

वाटभर गोर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती. इथले शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतात, औषधं फवारतात. मी वैतागून म्हटलं, मग ही काय पानं आहेत? आणि ओरबाडलीच चार फुलं. बोटातून रक्त आलं. काकांनी एक फूल टोपीत खोचलं, बर्फाकडे तोंड करून हाक मारली, "सूरजमणी!" मग गावाहून आणलेले जर्दाळू नि अक्रोड माझ्या ओंजळीत ठेवले. मी खाल्ले. त्यांना बरं वाटलं, आणि खरं सांगते, मलाही.

मी उठणार तर म्हणाले, "आता तू मला खाऊ घाल. आईचं नाव काय?"

पिशवीत डब्यात पोळीचा लाडू होता. आई करायची तसाच, शिळ्या पोळीचा, गूळ जरा जास्त. तो त्यांच्या हातावर ठेवला. नाव काही तोंडातून निघेना. आईला नावाने कोण हाक मारतं? काका लाडू तसाच धरून थांबले होते.

पुढे २०१७ साली ते किन्नौरला परतले. आता खिडक्यांच्या चौकटी पाहिल्या की त्यांची फार आठवण येते. त्या दिवशी माथ्यावर लाडू धरून ते किती वेळ थांबले असतील कोण जाणे. शेवटी मी हाक मारली, "मंदा!" आणि मग त्यांनी लाडू खाल्ला.