बाल्कनीत लावलेलं ऊन

आईला डोंबिवलीतून हलवायचं तर आधी सॉफ्टवेअर शिकावं लागतं, हे मला पन्नाशीत कळलं.

ठाण्यात कोलशेतला फ्लॅट घेतला होता, पण इमारतीचं काम चालू. आईचा एकच धोशा, "न बघितलेल्या घरात मी येणार नाही. तुम्ही जा, मी इथेच बरी!" तिला एकटीला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून ठरवलं, घर तिला आधीच चित्रात दाखवायचं. हुबेहूब, उजेड-सावल्यांसकट!

पण सॉफ्टवेअर कुठलं? एक फुकट होतं, त्यात बटणांचं जंगल. दुसऱ्याने माझा जुना लॅपटॉप बघताच नकार कळवला (पत्रिका न बघता!). तिसरं महिनाभर फुकट मिळत होतं, ते घेतलं. पहिला सोफा ठेवला, तो छताला चिकटला. कुठलंही बटण दिसलं की दाबून बघायची मला भारी हौस. एक दाबलं, तर सगळ्या भिंती काचेच्या!

बायको, प्राची, मागून म्हणाली, "अरे, बाथरूमच्यापण?"

मग सूर्याचा गोळा सापडला. माऊसने ओढला की ऊन सरकायचं! तो फिरवत फिरवत मी थेट बाल्कनीसमोर आणला. काय सोनेरी ऊन पडलं म्हणता! आईने चष्मा पुसून चित्र बघितलं.

"एवढं ऊन येतं बाल्कनीत?"

"दिसतंय ना समोर!"

"मग येते मी. पापड्या तिथेच वाळवीन."

मला इतका आनंद झाला की दिशा तपासायचं सुचलंच नाही. (दार पूर्वेला आहे एवढंच बघून आम्ही फ्लॅट घेतलेला!)

राहायला गेलो. आईने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. दुपार उलटली तरी उन्हाचा पत्ता नाही. बाल्कनी उत्तरेला होती!

"बाळ्या, मग चित्रात ऊन आलं कुठून?"

"आई, ते... मी लावलेलं."

"बरं," आई शांतपणे म्हणाली, "मग आता इथे लाव."

हल्ली रोज सकाळी मी पापड्यांचं प्लॅस्टिक घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जातो आणि काठीने कावळे हाकत बसतो. शेजारपाजारचे चौकशी करतात, तेव्हा प्राची गंभीर चेहऱ्याने सांगते, "आमच्याकडे उन्हाचं सगळं हेच बघतात."